हिरव्या देठांची मोसंबी

नोकरीच्या काळात मी सर्वांत जास्त कशाची खरेदी केली असेल, तर सडक्या फळांची. हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनबाहेर नरसम्मा नावाची एक बाई मोसंबीची गाडी लावायची. दिवसभरात खराब निघालेला माल ती गाडीखालच्या टोपलीत टाकायची आणि मी ऑफिस सुटल्यावर त्या टोपलीपाशी उकिडवी बसून एकेक मोसंबं वर करून बघायची. हिरव्या-पांढऱ्या बुरशीने माखलेल्या त्या ढिगात क्वचित एखादं ठणठणीत निघायचं. चारी बाजूंचे शेजारी गेलेले, आणि हे मात्र घट्ट, पिवळंधमक. मला खरं तर तेवढंच हवं असायचं. पण एकच मोसंबं मागायला कसंसंच वाटायचं, म्हणून मी पुरी टोपली घ्यायची.

नरसम्माने शेजारच्या चहावाल्याला सांगून टाकलं की या मॅडमचं ज्यूस सेंटर आहे आणि त्या सडका माल वापरतात. ही बातमी स्टेशनपासून विद्यानगरपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी माझ्या नवऱ्याला, विनायकला, गच्चीवरून विचारलं, "भावजी, ज्यूसचं दुकान कुठे टाकलंत?" विनायक कॉलेजात गणित शिकवायचा. त्याला हसू आवरेना. मला मात्र लाजेने कॉलनीत खाली मान घालून चालावं लागलं. शेवटी मी नरसम्माला सांगितलं, की बाई गं, मी सायंटिस्ट आहे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "सैंटिस्ट है तो अच्छे फलाँ लो ना मैडम."

या अंकाच्या संपादकांनी मला 'संशोधनातला अभिमानाचा प्रसंग' मागितला होता. लिहायला बसले तर आठवायला लागलं ते वेगळंच. माझी मुलगी मराठी अक्षरांवर बोट ठेवून वाचते आणि दुसऱ्या परिच्छेदात कंटाळते. ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांना तर मराठी वाचताच येत नाही. म्हणून इथे लिहायचा धीर होतोय.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. मोसंब्याला बुरशी लागते ती बहुतेक वेळा जखमेतून. तोडताना नख लागतं, काटा टोचतो, क्रेटची कड घासते. ती खरचटलेली जागा म्हणजे बुरशीला उघडं दार, आत गोड रस तयारच. पण फळाच्या सालीवर बुरशीखेरीज इतरही सूक्ष्म जीव राहतात. त्यांतली काही यीस्ट, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराची भावंडं, बुरशीपेक्षा चपळ असतात. गर्दीच्या बसमध्ये आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं हे यीस्ट जखमेत आधी जाऊन बसतं, तिथला रस खाऊन टाकतं, आणि मागाहून आलेली बुरशी उपाशी राहते. माणसाला त्याचा काही त्रास नाही. सडक्या ढिगात एकटंच वाचलेलं मोसंबं मला हवं असायचं ते एवढ्यासाठी, की त्याच्या सालीवर कोण राहतंय ते बघावं. साल धुवायची, ते पाणी काचेच्या बशीत वाढवायचं, आणि उगवलेल्या ठिपक्यांतून कामाचा ठिपका शोधायचा. आम्हाला जे यीस्ट सापडलं ते नरसम्माच्याच टोपलीतलं. कागदोपत्री त्याला एक क्रमांक होता. मी मनातल्या मनात त्याला नरसम्माच म्हणायची.

अडचण एकच. हा जीव आहे, औषध नाही. औषध डब्यात पडून राहतं, जीव मरतो. उन्हाने मरतो, गरम पाण्याने मरतो, नळाच्या पाण्यात क्लोरिन जास्त असलं तरी मरतो. आणि मेला तरी पाणी तसंच गढूळ दिसतं. बघणाऱ्याला काही कळत नाही.

प्रयोगशाळेत नरसम्माने कमाल केली. प्रश्न होता बाजाराचा. शहराबाहेरच्या फळबाजारात मी आडत्यांना समजावत फिरायची, की फळांवर हे जंतू लावा, फळं टिकतील. 'जंतू' म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे. एका केटररला उलट ते इतकं आवडलं, की लग्नाच्या फ्रूट सॅलडमध्ये ढवळायला त्याने बाटलीभर मागितलं. त्याला कापलेल्या फळाचं आणि अख्ख्या फळाचं गणित वेगळं असतं हे पटवता पटवता माझा घसा बसला.

मकबूलभाई मला अशाच एका फेरीत भेटले. मोसंबीचे जुने आडते. म्हणजे शेतकऱ्याचा माल त्यांच्या गाळ्यावर उतरायचा आणि व्यापारी तिथून उचलायचे. पांढरा कुडता-पायजमा, कानाला यंत्र, आवाज अगदी हळू. त्यांच्या गाळ्यावर एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली. बाकीच्या गाळ्यांवर व्यापारी क्रेट उपसून तळची फळं बघायचे. इथे मकबूलभाई म्हणायचे, "ये माल अच्छा है, ये हलका है," आणि समोरचा माणूस क्रेटला हात न लावता हमालाला खूण करायचा. बाजारात त्याला 'मकबूलभाई की जबान' म्हणत.

मी माझं पालुपद सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जरासीम लगाके फल बेचूँ?" जरासीम म्हणजे जंतूच.

"जरासीम नहीं मकबूलभाई, खमीर," मी म्हणाले. "नान में डालते ना, वैसा."

"खमीर बोलो ना फिर! खमीर से कौन डरता?" ते हसले. मग माझं माहेरचं आडनाव त्यांनी विचारलं, आणि ते ऐकल्यावर खुर्चीतून उठून उभेच राहिले. माझे वडील वकील होते. मकबूलभाईंच्या वडिलांची जागेची एक केस त्यांनी चालवली होती. केस हरली होती, पण हरण्याची शक्यता जास्त आहे हे वडिलांनी फी घ्यायच्या आधीच सांगितलं होतं, आणि ते त्या घरात कुणी विसरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची 'वकील साब की बेटी' झाले. पुढे नुसतीच 'बेटी'.

त्यांनी मला आपले क्रेट दिले. आधी थोडे, मग जास्त. मी बाजाराच्या धुलाई शेडमधल्या टाकीत नरसम्मा कालवायची, त्यात मोसंबी बुडवून काढायची, सुकवून ठेवायची. न बुडवलेली फळं शेजारी. दर वेळी बुडवलेली फळं स्पष्टपणे जास्त टिकली. मकबूलभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बेटी का खमीर देखो."

हे कानावर गेलं आणि आमच्या संचालकांनी मोठा कार्यक्रम ठरवला. अधिकारी येणार, सगळे आडते-व्यापारी येणार. त्यांच्यासमोर मकबूलभाईंचा मोठा माल टाकीत बुडवायचा, बाजारातल्याच एका खोलीत कुलूपबंद ठेवायचा, किल्ली मकबूलभाईंकडे, आणि पंधरवड्याने सगळ्यांसमोर उघडायचा.

बुडवायच्या दिवशी बाजार ओळखू येत नव्हता. मोठे लोक येणार म्हटल्यावर आपल्याकडे होतं तसं झाडलोट, पाण्याचा मारा, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा. नाकाला तोच वास. शेडचा सुपरवायझर यादगिरी, माझा नेहमीचा मदतनीस, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. टाकी काचेसारखी लखलखत होती. मी खुशीत नरसम्मा ओतली, ढवळली, फळं बुडाली, टाळ्या वाजल्या.

पंधरवड्याने आम्ही परत जमलो. कुलूप काढलं. न बुडवलेल्या क्रेटमध्ये बऱ्याच फळांवर हिरवी बुरशी होती. बुडवलेले क्रेट पाहिले आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. एकही डाग नाही. अधिकाऱ्यांनी हात मिळवला, कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, फोटो सुरू झाले. फोटोवाला म्हणाला, "मैडम, एक फल हाथ में लेव." मी एक मोसंबं उचललं.

मोसंब्याच्या देठापाशी एक छोटी चकती असते. झाडावरून नुकतं उतरलेलं फळ असेल तर ती हिरवी असते. ठेवलेल्या फळाची ती सुकत जाते, तपकिरी होते, बोट लावलं तर गळून पडते. माझ्या हातातल्या फळाची चकती हिरवी होती. मी दुसरं फळ पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांचे देठ हिरवे. ही पंधरवड्यापूर्वीची फळं नव्हतीच.

मी मान वर केली. मकबूलभाई माझ्याकडेच बघत होते. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा, कारण ते एकदम पुढे आले आणि ज्या माणसाचा आवाज दोन गाळ्यांपलीकडे जात नसे, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मैं खुद देखा हूँ. बेटी का खमीर सच्चा है. मेरी जबान है."

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी, त्या शब्दांनंतर, त्यांना खोटं पाडणं झालं असतं. मी हसले. फोटोत मी हसतेय.

पांगापांग झाल्यावर मी त्यांना खोलीच्या मागच्या बाजूला गाठलं. "मकबूलभाई, ये माल नया है."

"हौ," ते म्हणाले. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "सुबह आके देखा. सब सड़ गया था, दूसरे वाले से भी ज्यादा. हमालाँ को बुलाके बदल दिया. कैसा देखता मैं, इत्ते लोगाँ के सामने वकील साब की बेटी का सर नीचे?"

"पण..." मी मराठीतच बोलायला लागले आणि थांबले.

"तुम्हारा खमीर तो अच्छाच है ना? इत्ते महीनों से देख रहा मैं. एक दिन कुछ गड़बड़ हो गई होगी. फिकर नक्को करो. घर जाओ, आराम करो."

घरी जाऊन मी शाल कपाटात खाली कोंबली. विनायकला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "तुला राग आलाय की लाज वाटतेय?"  माझ्यासाठी एका माणसाने आपल्या शब्दाची जन्मभराची कमाई खर्चून टाकली होती, आणि ती मी न मागता माझ्या पदरात पडली होती.

दुसऱ्या दिवशी गडबड कुठे झाली ते कळलं. यादगिरी अभिमानाने सांगत होता, "मैडम, उस दिन टांकी कैसी चमक रही थी! रात कोइच ब्लीचिंग घोल के भर दिया था मैं. सुबह पानी भी साफ था, इसलिए फेंका नै." म्हणजे मी नरसम्मा ओतली ती ब्लीचिंगच्या पाण्यात. ती तिथेच मेली. मग फळांची धूळमाती मिसळत गेली तसा ब्लीचिंगचाही जोर ओसरला, आणि एका फळावरची बुरशी त्या पाण्यातून सगळ्या फळांच्या जखमांत पोचली. म्हणून न बुडवलेल्यांपेक्षाही वाईट. वास मला आला होता. पण रस्त्यापासून शेडपर्यंत सगळीकडे तोच वास होता. यादगिरीला मी काय बोलणार? त्यानेही माझ्याच मानासाठी टाकी घासली होती.

संचालकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कारण सापडलं ना? यीस्ट खरं आहे ना? मग तो विषय संपवा." आणि पुढच्या आठवड्यात आडत्यांचं प्रशिक्षण ठेवलं. मकबूलभाईंनी शब्द दिला म्हटल्यावर अर्ध्या बाजाराने नावं दिली होती.

त्या आठवड्यात एका दुपारी मी मकबूलभाईंच्या घरी जायला निघाले. त्यांना सांगायचं होतं, की हे झाकून चालणार नाही. मी अफझलगंजला बसमधून उतरले. लायब्ररीच्या फाटकाशी उभी राहिले. त्यांची गल्ली तिथून जवळच होती. पण जाऊन काय म्हणायचं? तुम्ही माझी इज्जत राखलीत, आता मला तुमची घालवायची आहे? त्यांच्या पत्नी चहा करतील, बशीत बिस्किटं ठेवतील, आणि मी ते खाऊन असं बोलणार? माझं पाऊल उचलेना. मी रस्ता ओलांडला आणि परतीची बस पकडली. स्वतःला सांगितलं, की प्रशिक्षणाच्या आधी बाजारातच गाठू. पण प्रशिक्षणाच्या दिवशी ते उशिरा आले. गाठणं झालं नाही.

बाजाराच्या हॉलमध्ये मी पाणी कसं घ्यायचं, किती कालवायचं ते सांगत होते. मकबूलभाई पहिल्या रांगेत बसले होते. नरसिंग नावाचा एक तरुण आडत्या हौसेने उठून म्हणाला, "मैडम, हम नई टांकी बनवाए. हर दिन ब्लीचिंग से धोते. एकदम साफ."

"नक्को नक्को!" मी ओरडलेच. "ब्लीचिंग बिल्कुल नहीं. ब्लीचिंग से सब मर जाता."

"थोड़ा रहा तो चलता ना मैडम?"

"नहीं चलता. हमारा पूरा माल उसी से गया."

मी ते बोलायला नको होतं असं नाही. न सांगते तर नरसिंगचा माल जाणार होता, आणि त्याच्यामागून आणखी कितीजणांचा. पण मी ते ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं.

"कौनसा माल?" नरसिंगने निरागसपणे विचारलं. "मकबूलभाई का तो अच्छा निकला था ना?"

 मी मकबूलभाईंकडे पाहू शकले नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले, "वो फल बदले हुए थे. खमीर मर गया था. गलती टांकी में हुई, मेरे से हुई."

"बदला कौन?" मागून कुणीतरी विचारलं. उत्तराची गरज नव्हती. मकबूलभाई खुर्चीचा हात धरून उठले, सगळ्यांना सलाम केला आणि हळूहळू चालत हॉलबाहेर गेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. त्या बाजारात आज बरेच आडते खमीर वापरतात, ब्लीचिंग टाकीपासून लांब ठेवतात आणि मोसंबी जास्त टिकतात. माझं काम सफल झालं असं म्हणायला हरकत नाही. मकबूलभाईंचा धंदाही बुडाला नाही. फक्त काही दिवसांनी मी त्यांच्या गाळ्यावरून जात होते तेव्हा एक नेहमीचा व्यापारी खाली वाकून त्यांच्या क्रेटमधली तळची फळं उपसून बघत होता. मकबूलभाई शेजारी उभे राहून दुसरीकडे बघत होते. पुढे पुढे सगळेच तसं करायला लागले. मकबूलभाई मला सलाम करायचे, तब्येत विचारायचे, आपला मालसुद्धा बुडवायला पाठवायचे. मला 'मैडम' म्हणायचे.

निवृत्तीच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गाळ्यावर गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चहा मागवला. खूप वेळ आम्ही त्यांच्या नातवाच्या शाळेबद्दल बोललो. मग मी कसंबसं म्हणाले, "मकबूलभाई, मैं सच बोली उसका मेरेकू अफसोस नहीं. लेकिन आपका..." 

"सच बोले, अच्छा किए," ते म्हणाले. "गलत काम मैं किया था. बच्ची की इज्जत का सोचा, लोगाँ के माल का नै सोचा." त्यांनी कप खाली ठेवला. "बस एक बात है. उससे पहले एक दफा आके मेरेकू बोल देते ना, कि मकबूलभाई, ये बात छुपाना ठीक नै, तो मैइच उठके बोल देता. सब के सामने. अपनी जबान दिया मैं था, वापस भी मैइच लेता."

मी मान खाली घालून बसले. ते रागाने बोलले नव्हते. चहा थंड होतोय एवढंच मला म्हणाले.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच एक वाक्य घोळत होतं. त्या आठवड्यात मी सगळ्या वाटा तपासल्या होत्या. गप्प राहायचं, सगळं सांगून टाकायचं, दोष स्वतःवर घ्यायचा. रात्र रात्र विनायकचं डोकं खाल्लं होतं. पण ते स्वतःहून उभे राहतील आणि खरं सांगतील, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले नाही ते त्यांचं मन दुखेल म्हणून, असं मी आजवर स्वतःला समजावत आले होते. खरं तर ते मला गप्प बसवतील अशी माझी खात्री होती. ज्यांच्या नुसत्या बोलण्यावर बाजार डोळे मिटून माल उचलायचा, त्यांच्यावर मी तेवढासुद्धा भरवसा टाकला नव्हता.